सशांच्या पिल्लांची वाढ आणि खाद्यपूरकं: आधी काय, मग काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. खटाव तालुक्यात तुमच्याकडे न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला या जातींच्या सशांच्या मिळून ४० माद्या आहेत. पिल्लं ३५ दिवसांनी आईपासून तोडतात तेव्हा सरासरी ५०० ग्रॅमची असतात आणि १२ आठवड्यांनी १४०० ते १५०० ग्रॅमच भरतात. खुराक म्हणून ब्रॉयलर कोंबडीचं फिनिशर (शेवटच्या टप्प्यातलं खाद्य), थोडी शेंगपेंड आणि बांधावरचं गवत देतात. तोडल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काही पिल्लं हगवणीने दगावतात. औषधाच्या दुकानातून लिव्हर टॉनिक, द्रव कॅल्शियम आणि कोंबड्यांचं ग्रोथ प्रमोटर सुचवलं गेलं आहे. यातलं काय चालू करावं, की प्रोबायोटिक (पचनाला मदत करणारे जिवंत सूक्ष्मजीव) द्यावं?

पहिलं काम आजच करा: ब्रॉयलर फिनिशर बंद. कोंबडीच्या खाद्यात कॉक्सीसाठी (कॉक्सीडिया या परजीवीमुळे होणाऱ्या रोगासाठी) सॅलिनोमायसिन, मदुरामायसिन किंवा नॅरासिन यांच्यापैकी काहीतरी बहुधा असतं. कोंबडीला चालणारं प्रमाण सशाला विषारी ठरू शकतं. ससा खाणं सोडतो, मान टाकतो, मागचे पाय ओढतो, कधी काही लक्षण न दाखवता सकाळी पिंजऱ्यात मेलेला सापडतो. यावर उतारा नाही. पोत्यावरच्या लेबलावर नाव दिसलं नाही म्हणून ते खाद्य सुरक्षित समजू नका. इथे हळूहळू बदलत बसू नका. दोन-तीन दिवस फक्त वाळलेला चारा, मूठभर गव्हाचा कोंडा आणि स्वच्छ पाणी ठेवा, मग नवीन खाद्य रोज थोडं वाढवत सात-आठ दिवसांत पूर्ण मापावर आणा.

फिनिशरचा दुसरा दोष वाढीच्या मुळाशी जातो. त्यात तंतू ४–५ टक्के असतात आणि मक्याचा स्टार्च भरपूर. वाढत्या सशाला कच्चे तंतू १४ ते १६ टक्के लागतात, प्रथिनं १५–१६ टक्के पुरतात. सशाचं पचन आंधळ्या आतड्यातल्या जिवाणूंवर चालतं. तिथे तयार झालेल्या मऊ लेंड्या ससा थेट गुदद्वाराला तोंड लावून खातो आणि त्यातून जिवाणूंचं प्रथिन व ब जीवनसत्त्वं मिळवतो. तंतू कमी पडले की आतड्याची हालचाल मंदावते. पाच-सहा आठवड्यांच्या पिल्लाला स्टार्च पूर्ण पचवता येत नाही, तो न पचलेला पुढे आंधळ्या आतड्यात उतरतो, तिथे क्लॉस्ट्रिडियम नावाचे घातक जिवाणू वाढतात आणि त्यांचं विष पिल्लाला दोन दिवसांत संपवतं. तुमच्याकडची दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातली हगवण याच वर्णनात बसते. कॉक्सीडिया हे दुसरं कारण असू शकतं, त्याबद्दल पुढे सांगतो.

आता वाढीचा हिशेब. ३५ व्या दिवसापासून ८४ व्या दिवसापर्यंत ४९ दिवस होतात. ५०० ग्रॅमचं पिल्लू रोज २० ग्रॅमने वाढलं तर १४८० ग्रॅमवर थांबतं, म्हणजे तुमचा आकडा नेमका हाच. दोन किलो हवं असेल तर रोज ३० ग्रॅम वाढ लागते. आपल्या हवामानात आणि घरच्या खाद्यावर २५ ग्रॅम ही चांगली वाढ समजा. मग उरलेलं वजन कुठून आणायचं? आईकडून. तोडताना पिल्लू ५०० ऐवजी ६५० ग्रॅमचं असलं आणि पुढे २५ ग्रॅमने वाढलं तर १२ आठवड्यांना १८७५ ग्रॅम भरतं. पिल्लाला पहिले जवळजवळ तीन आठवडे दुधावरच जगायचं असतं, त्यामुळे दुभत्या मादीला १७–१८ टक्के प्रथिनांचं खाद्य पोटभर मिळालं पाहिजे. पिल्लांसाठी महागडी पावडर आणणारे अनेक जण दुभत्या मादीला मात्र भाकड मादीएवढंच मोजून घालतात. तिथे वजन आधीच हरलेलं असतं.

खाद्यपूरकांचा विचार एका नियमाने करा: ज्या उणिवेचं नाव सांगता येत नाही तिच्यासाठी पूरक घालू नका. उणीव कळायला मूळ खाद्य माहीत हवं. आपल्या भागात मिळणाऱ्या मालावर आधारलेलं, वाढत्या पिल्लांसाठी १०० किलोचं मिश्रण असं करता येईल:

वाळवलेला लसूणघास, जाडसर दळून: २५ किलो
भुईमुगाचा वाळलेला पाला: १५ किलो
मका भरडा: १७ किलो
गव्हाचा कोंडा: २७ किलो
सोयाबीन पेंड (तेल काढलेली): ११ किलो
उसाची मळी (मोलॅसिस): ३ किलो
खनिज मिश्रण: १ किलो
मीठ: ५०० ग्रॅम
पूरकं, सर्व मिळून: ५०० ग्रॅम

यात प्रथिनं साधारण १६ टक्के आणि तंतू १५ टक्के बसतात. लसूणघास मिळत नसेल तर शेवरी, हादगा किंवा दशरथ घासाचा वाळलेला पाला चालतो. सुबाभूळ १० टक्क्यांच्या वर नको, त्यातल्या मिमोसिनने केस गळतात आणि वाढ खुंटते. भुईमुगाच्या पाल्याऐवजी सोयाबीनची गुळी वापरलीत तर प्रथिनं कमी होतील, तेव्हा पेंड एखाद-दोन किलो वाढवून तेवढा मका कमी करा. मळी कारखान्यांमुळे आपल्याकडे चर्चेत असते आणि सशांना तिची चवही आवडते, पण ५ टक्क्यांच्या वर गेली की लेंडी सैल होते. सरकी पेंड नकोच, तिच्यात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं. तासगाव-पलूस भागात छाटणीचा द्राक्षपाला फुकट मिळतो, तोही टाळा. त्यावर बुरशीनाशकांचे किती थर बसले आहेत ते डोळ्यांना दिसत नाही.

पहिलं पूरक, ज्यावर पैसे खर्च करणं जवळजवळ नेहमी योग्य ठरतं, ते अमिनो आम्लाचं, म्हणजे प्रथिन ज्यांपासून बनतं त्या घटकांचं. वरच्या मिश्रणात लायसिन ०.७५ टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे पुरेसं. मेथिओनिन आणि सिस्टिन मिळून मात्र ०.४७ टक्क्यांच्या घरात राहतात, गरज ०.५५ टक्क्यांपासून पुढे. ही तूट डीएल-मेथिओनिन १०० किलोला १०० ग्रॅम घातल्याने भरते. सोयाबीन पेंडीऐवजी शेंगपेंड वापरली तर चित्र बदलतं. शेंगपेंडीत लायसिन सोयाबीन पेंडीच्या जेमतेम निम्मं असतं, म्हणून १०० किलोला एल-लायसिन सुमारे २०० ग्रॅम वेगळं घालावं लागतं. हे न करता नुसती शेंगपेंड वाढवली तर प्रथिनांचा आकडा छान दिसतो, पिल्लू मात्र वाढत नाही आणि लघवीतून अमोनिया जास्त सुटून शेडमध्ये डोळे चुरचुरतात. शिंका आणि वाहणारी नाकं त्यामागोमाग येतात.

शेंगपेंडीचा खरा धोका बुरशीचा आहे. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाच्या बाबतीत ससा हा पाळीव प्राण्यांतल्या सर्वांत नाजूक प्राण्यांपैकी एक. गाय-म्हैस सहन करील अशा पेंडीवर सशाचं यकृत खराब होतं. खाणं कमी, वजन जागच्या जागी, केस निस्तेज, माद्या गाभण न राहणं अशी लक्षणं हळूहळू येतात, त्यामुळे दोष टॉनिकच्या कमतरतेवर जातो. पेंड उन्हात वाळवली, भाजली किंवा उकडली तरी अफ्लाटॉक्सिन जात नाही. बुरशी मरते, तिचं विष राहतं. पाटण, शिराळ्याकडच्या पावसात महिनाभर ठेवलेली पोती ही पहिली संशयित. खाद्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत ठेवा, पोती फळीवर आणि भिंतीपासून हातभर दूर रचा, एका वेळी तीन आठवड्यांपुरतंच खाद्य बनवा. टॉक्सिन बाइंडर म्हणून बेंटोनाइट किंवा अ‍ॅल्युमिनोसिलिकेट १०० किलोला २०० ग्रॅम, पावसाळ्यात ३०० ते ५०० ग्रॅमपर्यंत, अवश्य घाला. तेवढा मका कमी केला की माप जुळतं. ही माती अफ्लाटॉक्सिनला चांगली धरते, इतर बुरशीविषांना फारशी नाही. म्हणून कुबट वास येणारा माल बाइंडर घालून खपवू नका, तो सरळ खतात टाका.

यानंतर प्रोबायोटिक. सशासाठी जिवंत यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, आणि बीजाणू करणारे बॅसिलस हे दोन पर्याय विचारात घेण्यासारखे आहेत. दही-ताकातले लॅक्टोबॅसिलस सशाच्या आतड्यात मुळातच फार कमी असतात, त्यामुळे त्यांच्यावर भिस्त नको. यीस्टच्या पाकिटावर ग्रॅमला किती सीएफयू (जिवंत पेशींची संख्या) ते बघा. १० अब्ज असेल तर किलो खाद्याला १ ग्रॅम, म्हणजे १०० किलोला १०० ग्रॅम. पशुखाद्यात ‘ड्राय यीस्ट’ नावाने मिळणारी स्वस्त पावडर बऱ्याचदा मेलेल्या यीस्टची असते. ती प्रथिनाचा स्रोत आहे, प्रोबायोटिक नाही. गोळी पेंड करताना मशिनमध्ये खाद्य ७०–८० अंशांवर तापलं तर जिवंत यीस्टचा मोठा भाग मरतो. तुमची गोळी गरम निघत असेल तर बॅसिलस घ्या, त्यांचे बीजाणू ती उष्णता सोसतात. परिणाम दिसतो तो तोडण्याच्या आधीचा एक आठवडा आणि नंतरचे तीन आठवडे. त्यातही फायदा वजनापेक्षा मरतूक कमी होण्यात जास्त असतो. आठ आठवड्यांनंतर यीस्टवर खर्च करायची गरज सहसा उरत नाही.

म्हणजे वरच्या ५०० ग्रॅमची वाटणी झाली: मेथिओनिन १००, बाइंडर २००, यीस्ट १०० आणि जीवनसत्त्वं-सूक्ष्म खनिजांचं प्रीमिक्स १०० ग्रॅम किंवा लेबलावर असेल तेवढं.

एवढीशी पावडर १०० किलोत सारखी पसरवणं हेच या कामातलं सगळ्यात निष्काळजीपणे केलं जाणारं काम. ५०० ग्रॅम पूरक फावड्याने ढिगावर शिंपडलं तर एका पिंजऱ्याला चौपट आणि दुसऱ्याला शून्य मिळतं. आधी सर्व पूरकं चाळून ५०० ग्रॅम कोंड्यात मिसळा. तो एक किलो आणखी एक किलो कोंड्यात, मग ते दोन किलो दोन किलोत, असं दुप्पट करत १६ किलोपर्यंत जा. त्यानंतर ते मुख्य ढिगात घालून तीनदा उलथापालथ करा. मळी सर्वांत शेवटी, कोमट पाण्यात पातळ करून. मळी आधी घातली की पावडरीचे गोळे होतात आणि ते फुटत नाहीत. दळण ३ मिलिमीटरच्या जाळीचं ठेवा. पिठासारखं बारीक दळलं तर तंतू कागदावर १५ टक्के असूनही आतड्यात त्यांचा उपयोग होत नाही, कारण आतडं हलतं ठेवण्याचं काम जाडसर तुकडेच करतात. गोळी ३ ते ४ मिलिमीटर जाडीची आणि ८–१० मिलिमीटर लांबीची बरी. गोळी करणं शक्य नसेल तर भरडा पाण्याने ओलसर करून द्या आणि तीन-चार तासांत उरलेला काढून टाका. कोरडी भुकटी नाकात जाते आणि निम्मी जाळीखाली सांडते.

बाकीच्या पूरकांचा निकाल लवकर लावता येतो. फायटेज, म्हणजे धान्यात अडकलेला फॉस्फरस सोडवणारं एन्झाइम, कोंबडी आणि डुकरासाठी उपयोगाचं. सशाच्या आतड्यातले जिवाणू फायटेज स्वतः बनवतात आणि मऊ लेंड्यांमधून तो फॉस्फरस परत मिळतो. तंतू पचवणाऱ्या एन्झाइमचे परिणाम एकसारखे येत नाहीत, तोच पैसा लसूणघासात घाला. सायट्रिक किंवा फ्युमॅरिक आम्ल ०.५ ते १ टक्का, तोडल्यानंतरचे तीन आठवडे, याला तर्क आहे, कारण कोवळ्या पिल्लाच्या जठरात आम्ल कमी असतं. पण तेही तंतू आणि स्वच्छता ठीक असेल तरच. लसूण आणि हळद आपल्याकडे सहज मिळतात. हळद ०.२–०.३ टक्के आणि लसूण पावडर ०.३–०.५ टक्के घालायला हरकत नाही, मात्र त्याने महिन्याभरात वजन बदलेल अशी अपेक्षा ठेवू नका. हळद घ्यायची तर घरची वाळवलेली घ्या, रंग चढवलेली बाजारातली नको.

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, याबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. १०० किलो खाद्याला ४० ग्रॅम मोरचूद, म्हणजे किलोला १०० मिलिग्रॅम तांबं, याने सशांची वाढ सुधारते हे खरं आहे, आणि तो स्वस्तही पडतो. तरीही माझं मत स्पष्ट आहे की आपल्या भागात तो वापरू नये. जवळजवळ सगळं तांबं लेंडीतून बाहेर पडतं, ते खत शेतात जातं, आणि द्राक्षबागांच्या मातीत बोर्डो मिश्रणाचं तांबं आधीच साचलेलं असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माण, खटाव, जत, आटपाडीत सशांच्या शेजारीच मेंढ्या असतात. मेंढीला तांब्याची विषबाधा फार लवकर होते. सशांचं उरलेलं खाद्य मेंढ्यांपुढे ओतलं जाणं ही घरोघरची सवय आहे. चार-सहा आठवडे काहीच दिसत नाही, आणि मग एक दिवस मेंढी पिवळी पडून लाल लघवी करते व मरते.

प्रतिजैविकाचं ग्रोथ प्रमोटर तर अजिबात नको. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविकं वापरणं १ जानेवारी २००६ पासून बंद केलं. भारतात २०१९ मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकावर माणसाच्या खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांसाठी बंदी आली. सशात कारण आणखी थेट आहे: अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही तोंडावाटे दिली की आतड्यातले चांगले जिवाणू मरून तोच क्लॉस्ट्रिडियम फोफावतो. ‘थोडंसं देऊन बघू’ असं या औषधांच्या बाबतीत करू नका.

कॉक्सीडिया असेल तर यातलं कुठलंही पूरक वाढ देणार नाही. पोट सुटलेलं, पाठीचा कणा हाताला लागतो, वजन चार ते दहा आठवड्यांच्या वयात अडतं. यकृतावर पांढरे ठिपके दिसले तर आयमेरिया स्टायडी (यकृतात वाढणारा कॉक्सीडिया) समजा. लेंडीतली अंडी उबदार ओलाव्यात दोन-तीन दिवसांत रोग पसरवण्याजोगी होतात, म्हणून जाळीचा तळ आणि त्याखालची रोजची सफाई हे पहिलं औषध. खाद्यातून द्यायचं झालं तर सशांसाठी डायक्लाझुरिल किलोला १ मिलिग्रॅम किंवा रोबेनिडीन ५० ते ६६ मिलिग्रॅम वापरतात. डायक्लाझुरिलचं ०.५ टक्क्याचं प्रीमिक्स असेल तर १०० किलोला २० ग्रॅम होतं. लेंडी तपासून, पशुवैद्यकाच्या सांगण्यावरूनच ते सुरू करा आणि विक्रीपूर्वी किती दिवस बंद ठेवायचं तेही त्यांच्याकडून लिहून घ्या.

उन्हाळ्यात, म्हणजे मार्चअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत, खटावात पिल्लं खात नाहीत म्हणून वाढत नाहीत. शेडचं तापमान ३० अंशांच्या वर गेलं की खाणं उतरतं. बीटेन किलोला १ ग्रॅम आणि पाण्यातून क जीवनसत्त्व थोडी मदत करतात. त्याआधी दिवसाच्या खाद्याचा दोन-तृतीयांश भाग सूर्यास्तानंतर द्या, पाण्याची टाकी सावलीत घ्या आणि नळीतलं तापलेलं पाणी दुपारी सोडून द्या. गरम पाणी ससा पीत नाही, आणि पाणी न पिणारा ससा खुराकही खात नाही.

एक उपाय फुकटचा आहे आणि तो कुठल्याही पाकिटापेक्षा जास्त पिल्लं वाचवतो. तोडल्यानंतरचे दोन ते तीन आठवडे पिल्लांना पोटभर खुराक न देता त्यांच्या भुकेच्या ७५–८० टक्केच द्या. एका पिंजऱ्याला पोटभर घालून रोजचं माप काढा आणि बाकीच्यांना त्यावरून ठरवा. वाळलेला चारा समोर कायम असू द्या. या काळात वजन थोडं मागे राहील. आठव्या आठवड्यापासून पोटभर सुरू केलं की बरीचशी तूट भरून निघते आणि हगवण कमी झालेली दिसते.

दुकानातल्या यादीपैकी द्रव कॅल्शियम वाढत्या पिल्लांना देऊ नका. ससा खाद्यातलं कॅल्शियम गरजेपुरतं न घेता जवळपास सगळं शोषतो आणि जादाचं लघवीतून टाकतो. लसूणघासावर वाढणाऱ्या पिल्लाला वरून कॅल्शियम दिलं तर लघवी खडूसारखी होते, मूत्राशयात गाळ बसतो. त्या बाटलीत ड जीवनसत्त्व असेल तर मूत्रपिंड आणि रक्तवाहिन्यांतही चुना साठू शकतो. लिव्हर टॉनिक निरुपद्रवी असेलही, पण यकृत बिघडवणारी पेंड चालू ठेवून ते पाजण्यात अर्थ नाही.

बदल केल्यावर तो लागू पडला का हे तराजू सांगेल. प्रत्येक विणीतली पिल्लं निम्मी-निम्मी वाटून दोन गट करा, म्हणजे आईच्या दुधाचा फरक दोन्हीकडे सारखा राहील. प्रत्येक गटाचे किमान सहा पिंजरे, पिंजऱ्यात चार पिल्लं. खाद्य एकच, फक्त एका गटात यीस्ट. दर आठवड्याला एकाच वारी, सकाळी खुराक घालण्यापूर्वी वजन घ्या, दिलेलं आणि उरलेलं खाद्य मोजा, मेलेली पिल्लं नोंदवा. समजा खाद्य ३२ रुपये किलो आहे आणि एक किलो वजनवाढीला ३.८ किलो लागतं, तर खर्च १२१ रुपये ६० पैसे. पूरकाने किलोमागे १ रुपया २० पैसे वाढले आणि ३.६ किलोत काम झालं, तर खर्च साधारण ११९ रुपये ५० पैसे. म्हणजे किलोला दोन रुपयांची बचत. ३.६६ च्या वर आकडा राहिला तर त्या पूरकाने निव्वळ वाढीत पैसे परत केले नाहीत, आणि मग फक्त मरतुकीचा फरक बघून निर्णय घ्या.

नवीन खाद्यावर तीन आठवडे होऊनही पिल्लं दगावत राहिली तर ताजं मेलेलं पिल्लू बर्फात ठेवून, सोबत ताज्या लेंड्या आणि त्याच पोत्यातलं अर्धा किलो खाद्य घेऊन त्याच दिवशी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात जा. शवविच्छेदन, लेंडीतल्या कॉक्सीडियाची तपासणी आणि खाद्यातल्या तंतूंचं प्रमाण या तीन गोष्टी विचारा. फ्रीजरमध्ये गोठवलेलं किंवा रात्रभर पिंजऱ्यात पडून राहिलेलं पिल्लू नेऊ नका, त्याच्या आतड्यातून काही वाचता येत नाही.